नवऱ्याचा रक्तगट जुळतो, तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह का?

पत्र

माझं वय ४४. सांगली जिल्ह्यात राहते. दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. दोन बाळंतपणं झाली, मध्ये एकदा गर्भपात झाला. माझा आणि मिस्टरांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. मागच्या वर्षी त्यांची किडनी घ्यायचं ठरलं तेव्हा क्रॉसमॅच निगेटिव्ह आला होता. मग त्यांना टायफॉइड झाला आणि ऑपरेशन लांबलं. मधल्या काळात माझं हिमोग्लोबिन सहावर आलं म्हणून रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. आता पुन्हा तपासलं तर टी पेशी ४० टक्के, बी पेशी ६० टक्के, पॉझिटिव्ह. डीटीटी घालूनही तेवढंच. दुसऱ्या एका रिपोर्टमध्ये ‘बी-६१: ९,८००, डीआर-१५: २,१००’ असं लिहिलंय.

माझ्या भावाचा (वय ३९, रक्तगट ओ) क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे, मॅचिंग सहापैकी तीन. त्याच्या रिपोर्टमध्ये ‘बी*४०, बी*४४’ आहे. भावजय म्हणते, अर्धंच जुळतंय तर पूर्ण जुळणारी किडनी मिळेपर्यंत थांबा. सासरचे म्हणतात, पॉझिटिव्ह म्हणजे जुळलंच की. लॅबमधला माणूस म्हणाला, दुसरीकडे करून बघा, निगेटिव्ह येईल. मुलगी २१ वर्षांची आहे, ती द्यायला तयार आहे. ती आम्हा दोघांचीही, मग तिचं तर चांगलं जुळेल ना? काय करू?

उत्तर

ताई, आधी निर्णयापुरतं सांगतो. क्रॉसमॅच म्हणजे दात्याच्या पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी (परक्या गोष्टींविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) तुमच्या रक्तात आहेत का, हे पाहणारी चाचणी; ती पॉझिटिव्ह येणं वाईट असतं. तुमच्या मिस्टरांची किडनी आत्ताच्या स्थितीत तुमच्या शरीरात बसवू नये. भावाची किडनी बहुधा चालेल, पण त्याच्या रिपोर्टमधल्या ‘बी*४०’ या नोंदीची उकल झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. सहापैकी सहा जुळणाऱ्या किडनीची वाट पाहू नका. आणि मुलीची तपासणी सध्या थांबवा.

तुमच्या घरात सगळी चर्चा ‘किती जुळतं’ या आकड्याभोवती चालली आहे. तुमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: दात्याच्या पेशींवर जे रेणू आहेत, त्यांच्याविरुद्ध तुमच्या रक्तात आधीपासून तयार अँटिबॉडी आहेत का? न जुळणारे रेणू औषधांनी सांभाळता येतात. आधीच तयार असलेल्या अँटिबॉडी त्या औषधांना दाद देत नाहीत. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हे रेणू म्हणजे एचएलए. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर दाटीनं बसलेली आहेत. त्यांचे दोन वर्ग. पहिल्या वर्गातले ए, बी आणि सी हे रेणू केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतात. प्लेटलेटवरही असतात, तांबड्या पेशींवर मात्र जवळजवळ नसतातच. दुसऱ्या वर्गातले डीआर, डीक्यू आणि डीपी हे मुख्यतः बी पेशी, डेन्ड्रिटिक पेशी, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर असतात, आणि प्रत्यारोपणाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही दिसतात.

त्यांचं रोजचं काम प्रत्यारोपण अडवणं हे नाहीच. प्रत्येक रेणूच्या माथ्यावर पन्हळीसारखी एक खाच असते. पेशीच्या आत जी प्रथिनं मोडतात त्यांचे तुकडे या खाचेत बसवून पेशीबाहेर मांडले जातात आणि टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक गट) ते तपासत फिरतात. पहिल्या वर्गाच्या पन्हळीची दोन्ही टोकं बंद असतात, म्हणून तिच्यात साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा मावतो. दुसऱ्या वर्गाची टोकं उघडी, म्हणून तिथे १३ ते २५ अमिनो आम्लांचा तुकडा बसतो. विषाणू शिरला की त्याचे तुकडे इथे दिसतात आणि टी पेशी ती पेशी मारते. ओळखीसाठी एचएलए आणि तुकडा दोन्ही लागतात हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं. १९९६ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. माणसामाणसांतला फरक मुख्यतः या खाचेच्या तळात आणि काठांवर असतो. आजवर नोंदलेल्या प्रकारांची संख्या ४०,००० च्या वर गेली आहे. साथीच्या रोगांत सगळी माणसं एकदम बळी पडू नयेत यासाठी ही विविधता फार मोलाची आहे. किडनी बदलायची वेळ येते तेव्हा तीच आड येते.

आता ‘दोघांचा बी, मग अडचण कुठली’ हा गोंधळ. तुमच्या कागदांवर तीन वेगवेगळे ‘बी’ आहेत. रक्तगट बी हा तांबड्या पेशींवरच्या साखरेचा प्रकार आहे. ‘बी पेशी’ या पांढऱ्या पेशींचा एक गट आहे, चाचणीत त्या वापरल्या जातात. आणि ‘बी-६१’ मधला बी म्हणजे एचएलए-बी. या तिघांचा आपसांत संबंध नाही. रक्तगट जुळला म्हणजे पहिला अडथळा दूर झाला, इतकंच. रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, म्हणजे आरएच, किडनीसाठी पाहावं लागत नाही. भावाचा गट ओ आहे, त्यामुळे त्याची किडनी तुम्हाला चालते.

क्रॉसमॅच करताना तुमचं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) आणि दात्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी या पांढऱ्या पेशी, एकत्र ठेवतात आणि त्यात सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे पेशी फोडणाऱ्या प्रथिनांचा संच, घालतात. तुमच्या सीरममध्ये त्या पेशींवरच्या एचएलएला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असल्या तर कॉम्प्लिमेंट त्या पेशींना भोकं पाडतं, पेशी मरतात आणि रंग शोषतात. मेलेल्या पेशी किती टक्के, तो तुमच्या रिपोर्टमधला आकडा. साधारण १० टक्क्यांपर्यंत निगेटिव्ह धरतात, १० ते २० संशयास्पद. प्रत्येक लॅब आपली मर्यादा खाली छापते, ती वाचा. मिस्टरांच्या टी पेशी ४० टक्के मेल्या, हे उघड पॉझिटिव्ह आहे. टी पेशींवर फक्त पहिला वर्ग असतो, म्हणून टी पॉझिटिव्ह म्हणजे ए, बी किंवा सीविरुद्ध अँटिबॉडी. बी पेशींवर दोन्ही वर्ग असतात, त्यामुळे तिथला आकडा वर गेला, ६० झाला. डीटीटी हे रसायन आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी मोडतं. ते घालूनही आकडा उतरला नाही, म्हणजे या आयजीजी प्रकारच्या आहेत, खऱ्या धोक्याच्या. हीच चाचणी तुमच्याच पेशींवर केलेली असते, तिला ऑटो क्रॉसमॅच म्हणतात. तो निगेटिव्ह आहे ना, तेवढं पाहून घ्या. तो पॉझिटिव्ह असेल तर आकड्यांचा अर्थ बदलू शकतो.

ही चाचणी टाळून कोणी पुढे गेलं तर काय होतं, हे १९६९ मध्ये पटेल आणि टेरासाकी यांनी दाखवलं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ तात्काळ निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. अँटिबॉडी नव्या किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, आत गुठळ्या होतात आणि काही वेळा टेबलावरच किडनी निळी पडते. म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये ‘निगेटिव्ह’ मिळवायच्या मागे लागू नका. शंका असेल तर नवा नमुना देऊन एकदा तपासणी पुन्हा करणं रास्त आहे. पण तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या पद्धती एकच गोष्ट सांगताहेत: पेशी मेल्या, आणि मण्यांच्या चाचणीतही अँटिबॉडी सापडली. लॅब चुकलेली नाही.

मण्यांची चाचणी म्हणजे सिंगल अँटिजेन बीड. बारीक मण्यांवर प्रत्येकी एकच एचएलए चिकटवलेला असतो. तुमचं सीरम टाकलं की कोणत्या मण्यावर किती चमक आली ते यंत्र मोजतं. त्या चमकेचा आकडा म्हणजे एमएफआय. ९,८०० हा चांगलाच मोठा आहे, २,१०० मध्यम. बऱ्याच लॅब १,००० च्या आसपास मर्यादा धरतात. मात्र एमएफआय हे अँटिबॉडीचं नेमकं मोजमाप नाही. दोन लॅबमध्ये त्याच नमुन्याचा आकडा २०-२५ टक्क्यांनी सहज वेगळा येतो. अँटिबॉडी फारच जास्त असल्या तर आकडा उलट खोटा कमी दिसू शकतो, म्हणून सीरम पातळ करून किंवा त्यात ईडीटीए हे रसायन घालून पुन्हा पाहतात. तेव्हा ९,८०० चे ८,५०० झाले म्हणून कुणी हुरळून जाऊ नये.

मग मागच्या वर्षी निगेटिव्ह होता तो आता पॉझिटिव्ह कसा? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पोटातल्या बाळाच्या पेशींवर निम्मे एचएलए वडिलांचे असतात. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणात त्या पेशी आईच्या रक्तात शिरतात, गर्भपातातही शिरतात. आईचं शरीर त्या परक्या रेणूंविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. पुढे वर्षं जातात, अँटिबॉडीची पातळी चाचणीत न दिसण्याइतकी खाली येते, पण त्यांची आठवण ठेवणाऱ्या पेशी शाबूत राहतात. रक्ताच्या पिशवीतून परक्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आत गेल्या, त्यातल्या एखाद्यावर तसाच किंवा जवळचा रेणू असला, की ती जुनी आठवण जागी होते आणि काही आठवड्यांत अँटिबॉडी पुन्हा उसळतात. एचएलएचा शोधच या वाटेनं लागला. १९५८ मध्ये फ्रान्समध्ये डोसे यांना पुष्कळ रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सीरममध्ये, तर नेदरलँड्समध्ये व्हान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना बाळंत झालेल्या स्त्रियांच्या सीरममध्ये या अँटिबॉडी सापडल्या. तुमच्याबाबत दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. यात तुमचा दोष नाही, मिस्टरांचाही नाही. हिमोग्लोबिन सहा असताना रक्त देणं भाग पडलं असेल. राहून गेलं ते एवढंच की रक्त दिल्यानंतर लगेच अँटिबॉडीची तपासणी व्हायला हवी होती.

आता भावाचं. भावंडांना आईवडिलांकडून एचएलएचा एकेक अख्खा संच मिळतो. म्हणून दोन सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धं जुळण्याची ५० आणि अजिबात न जुळण्याची २५. तुमचं अर्धं जुळतंय, हे अगदी नेहमीचं आहे. भावजयीला कमी वाटतं ते ‘सहापैकी तीन’ प्रत्यक्षात चांगलं आहे. न जुळणाऱ्या अर्ध्याविरुद्ध टी पेशी उठतात, त्यांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधं आवरतात. जुळणीच्या आकड्याला आज किती वजन द्यावं, याचा अंदाज १९९५ च्या अमेरिकी आकडेवारीवरून येईल: नवरा-बायकोत दिलेल्या, एचएलएच्या दृष्टीनं फारशा न जुळणाऱ्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनी चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्या, निम्म्या जुळणाऱ्यांपैकी ८२ टक्के, मृत दात्यांच्या ७० टक्के. जिवंत, निरोगी माणसाची किडनी बाहेर फार वेळ न राहता बसते, याचा फायदा मोठा असतो. नात्याबाहेर सहापैकी सहा जुळणारा दाता भेटणं अतिशय दुर्मिळ आहे, आणि मृत दात्याच्या यादीत तुमचा क्रम मुख्यतः रक्तगट आणि डायलिसिसच्या काळावर ठरतो. त्या यादीत नाव जरूर घाला; महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत, तुमच्या रुग्णालयातूनच ती नोंदणी होते. पण तिच्या भरवशावर भावाला थांबवू नका.

अडतं ते ‘बी*४०’ पाशी. हा रिपोर्ट ढोबळ पातळीचा आहे. बी*४० या नावाखाली निदान दोन ठळक गट येतात: बी*४०:०१ म्हणजे बी-६०, आणि बी*४०:०२ किंवा बी*४०:०६ म्हणजे बी-६१. बी*४०:०६ आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. आणि तुमच्या रक्तात जोरदार अँटिबॉडी आहे ती नेमकी बी-६१ विरुद्ध! भावाकडे बी-६१ असता तर मिस्टरांसारख्याच त्याच्याही पेशी मरायला हव्या होत्या. त्या मेल्या नाहीत, म्हणून त्याच्याकडे बी-६० असण्याची शक्यता अधिक दिसते. पण अंदाजावर ऑपरेशन करत नाहीत. शिवाय बी-६० आणि बी-६१ हे एकमेकांचे इतके जवळचे आहेत की एकाविरुद्धची अँटिबॉडी पुष्कळदा दुसऱ्यालाही चिकटते, कधी पेशी मारण्याइतकी नसली तरी थोडीबहुत. भावाचा तो निगेटिव्ह क्रॉसमॅच कोणत्या तारखेच्या सीरमवर केला, हेही पाहा. रक्त चढवण्याआधीच्या साठवलेल्या सीरमवर केला असेल तर त्याचा आज उपयोग नाही.

तेव्हा तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, तीन गोष्टी मागा. पहिली, भावाचं वरच्या पातळीचं टायपिंग, म्हणजे एचएलएच्या प्रकारांची नोंद कोलननंतरच्या आकड्यांसकट, आणि त्यात ए, बी, डीआर यांच्या जोडीला सी, डीक्यू आणि डीपीही. सहापैकी तीन हा आकडा फक्त ए, बी, डीआर मोजतो; डीक्यू त्यात येतच नाही, आणि प्रत्यारोपणानंतर नव्यानं तयार होणाऱ्या अँटिबॉडी सगळ्यात जास्त डीक्यूविरुद्धच असतात. दुसरी, तुमच्या मण्यांच्या चाचणीची पूर्ण यादी. तुम्हाला दिलेला कागद फक्त मिस्टरांच्या संदर्भातला सारांश दिसतो. पूर्ण यादीत बी-६० च्या मण्यापुढचा आकडा आणि भावाच्या इतर न जुळणाऱ्या रेणूंपुढचे आकडे डॉक्टरांसोबत बसून ओळीनं पाहा. तिसरी, ताज्या सीरमवर भावाच्या टी आणि बी पेशींचा फ्लो क्रॉसमॅच. तो पेशी मरायची वाट पाहत नाही, चिकटलेली अँटिबॉडी थेट मोजतो, म्हणून अधिक तीक्ष्ण असतो. याआधी तुम्हाला रिटुक्सिमॅब हे औषध दिलं गेलं असेल तर ते लॅबला जरूर सांगा. ते बी पेशींना चिकटतं आणि बी पेशींचा फ्लो उगाच पॉझिटिव्ह दाखवतं.

निकाल कसा वाचायचा? बी-६० चा आकडा मर्यादेखाली, बाकी कुठल्या रेणूविरुद्ध काही नाही आणि फ्लो निगेटिव्ह, तर भावाची किडनी घ्या, निश्चिंतपणे. आकडा हजार ते तीन हजारांच्या घरात पण फ्लो निगेटिव्ह, तर बरीच केंद्रं सुरुवातीला एटीजीसारखं जोरकस औषध देऊन आणि नंतर अँटिबॉडीवर बारीक नजर ठेवून पुढे जातात. हा निर्णय डॉक्टरांचा आणि तुमचा, धोका समजून घेऊन. फ्लोच पॉझिटिव्ह आला तर भावालाही मिस्टरांच्या रांगेत बसवावं लागेल.

त्या रांगेतही वाट आहे. मिस्टरांना वाटत असेल की आपला आता उपयोग नाही. तसं नाही, ते बी गटाचे निरोगी दाते आहेत. त्यांची किडनी तुम्हाला चालत नसली तरी बी किंवा एबी गटाच्या दुसऱ्या एखाद्या रुग्णाला चालेल, आणि त्या रुग्णाच्या नातेवाइकाची तुम्हाला. याला स्वॅप म्हणतात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली जी दुरुस्ती झाली, तिनं याला स्पष्ट परवानगी दिली. अट अशी की दोन्ही जोड्यांत दाता हा आपापल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक असावा (नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं) आणि वैद्यकीय कारणानं थेट देणं शक्य नसावं. प्राधिकार समितीची मंजुरी लागते. दीर किंवा चुलतभाऊ या व्याख्येत बसत नाहीत. स्वॅपची नोंद करताना तुमची अँटिबॉडी यादी सोबत द्या, नाहीतर रक्तगटावर जोडी जमते आणि क्रॉसमॅचला मोडते.

अँटिबॉडी काढून टाकून मिस्टरांचीच किडनी बसवण्याचे उपचारही आहेत. प्लाझ्माफेरेसिसच्या (रक्तातला द्रव भाग वेगळा करून अँटिबॉडी काढण्याच्या) फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर वजनाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या, दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी), जोडीला रिटुक्सिमॅब. पण या अँटिबॉडी अस्थिमज्जेत ठाण मांडलेल्या प्लाझ्मा पेशी बनवत राहतात. गाळून काढल्या तरी परत येतात. पेशी मारण्याइतक्या जोरदार अँटिबॉडीवर हा मार्ग खर्चिक आहे, त्यात जंतुसंसर्गाचा आणि पुढे रिजेक्शनचा, म्हणजे शरीरानं किडनी नाकारण्याचा, धोका जास्त आहे. भाऊ आणि स्वॅप हे दोन्ही पर्याय संपल्याशिवाय आम्ही तो सुचवणार नाही.

मुलीबद्दल तुमचा समज साहजिक आहे, पण गणित वेगळं आहे. तिचा एक संच तुमचा, त्याला तुमचं शरीर हात लावणार नाही. दुसरा संच वडिलांचा, आणि वडिलांच्या दोन संचांपैकी कोणता तिच्याकडे आला यावर सगळं अवलंबून. बी-६१ असलेला आला असेल तर तिचा क्रॉसमॅच वडिलांसारखाच पॉझिटिव्ह येईल. बी-६१ आणि डीआर-१५ आपल्याकडे पुष्कळदा एकाच संचात असतात. तसं असेल तर तिच्याकडे एकतर दोन्ही किंवा एकही नाही. म्हणजे नाणेफेक. ती तयार आहे हे तिचं मोठेपण. तरी ती २१ वर्षांची आहे, तिची गरोदरपणं पुढे आहेत. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किडनी दिलेल्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा किंवा प्रीएक्लॅम्प्सियाचा (रक्तदाब वाढून अवयवांना इजा होण्याचा) त्रास ११ टक्के वेळा झाला, न दिलेल्या तशाच स्त्रियांत ५ टक्के. ३९ वर्षांचा निरोगी मामा असताना तिला पुढे करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी टायपिंग केलं आणि ‘जुळलं’ तर घरात तिच्यावर न बोलता दबाव येतो, म्हणून तपासणीच आत्ता नको.

भावजयीच्या शंकेमागे नवऱ्याची काळजी आहे. तिलाही सोबत घेऊन जा. दात्याची तपासणी तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळ्या डॉक्टरांनी करावी असा आग्रह धरा, आणि भावाला शेवटच्या दिवसापर्यंत नाही म्हणता येतं हे त्या दोघांनाही मोकळेपणानं सांगा. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

इतक्यात पुन्हा रक्त चढवायची वेळ येऊ देऊ नका. लोह आणि एरिथ्रोपोइटिनची इंजेक्शनं चुकवू नका, हिमोग्लोबिन दहाच्या खाली घसरायला लागलं की लगेच डॉक्टरांना सांगा. जीव वाचवायला रक्त लागलंच तर घ्यावंच, पण पांढऱ्या पेशी गाळलेलं, म्हणजे ल्युकोडिप्लीटेड मागा. त्यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही. मिस्टर, भाऊ किंवा मुलांचं रक्त मुळीच घेऊ नका. रक्त घेतल्याची तारीख लिहून ठेवा आणि त्यानंतर दोन आणि चार आठवड्यांनी मण्यांची चाचणी पुन्हा करा.

नमुन्याचंही तंत्र आहे. तुमचं रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधी काढून घ्या, नाहीतर हेपारिनमुळे सीरम नीट सुटत नाही. तुमचं साध्या नळीत, भावाच्या पेशींसाठीचं हेपारिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत, टायपिंगचं ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत. पेशींचा नमुना सांगलीहून पुण्या-मुंबईला जाणार असेल तर २४ तासांत पोचायला हवा, आणि तो बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. गारठ्यानं पेशी आधीच मरतात आणि रिपोर्ट बिघडतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवरही नको. शक्य असेल तर भावानं स्वतः लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं. फॉर्मवर दोन्ही बाळंतपणं, गर्भपात आणि रक्ताच्या पिशव्यांच्या तारखा लिहा. गर्भपाताची नोंद बऱ्याचदा राहून जाते. सगळं ठीक निघालं तरी ऑपरेशनच्या आधीच्या काही दिवसांत ताज्या सीरमवर अंतिम क्रॉसमॅच झालाच पाहिजे, आणि त्याच्या निकालाचा कागद पाहूनच भरती व्हा.